खिशावरची लोंबी

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात दाल-पकवानच्या गाडीपाशी उभी राहून मी चित्र काढत होते आणि डाळ गार होत होती. वही कॉलेजात विसरले होते, म्हणून पकवान ज्या कागदात गुंडाळून मिळालं होतं, त्याच्याच कोऱ्या बाजूवर पेन चालवत होते.

"भाताची लोंबी ना?"

मी मान वर केली. समोर एक मुलगा, हातात डिश, आणि दहाच्या दहा बोटं निळी.

"नाही, गव्हाची," मी मुद्दाम म्हटलं.

"गव्हाची ताठ असते. ही वाकलीय... भरलीय म्हणून."

कॉलेजात सरांनी याच लोंबीला 'छान गवत आहे' म्हटलं होतं. त्यामुळे मी त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. पाहण्यासारखा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तो प्रज्वल. अंबरनाथचा. पलीकडच्या गल्लीत किशनशेठच्या जीन्सच्या कारखान्यात भरतकामाचं मशीन चालवायचा. बोटं त्या कापडाच्या रंगाने निळी. शेठला दिवाळीच्या मालासाठी पँटच्या मागच्या खिशावर नवीन डिझाइन हवं होतं. हे सांगून त्याने माझा कागद मागितला.

"तेलकट झालाय," मी म्हटलं.

"चालतंय." त्याने घडी घालून तो शर्टाच्या खिशात ठेवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी शेठने मला समोर बसवून लोंबी नव्याने काढायला लावली. झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "डाढो सुठो." म्हणजे एकदम मस्त, असं प्रज्वलने कानाशी येऊन सांगितलं. माल गेला की मला पाकीट मिळणार होतं. चित्राबद्दल पैसे... आयुष्यात पहिल्यांदा.

ते पाकीट मला का हवं होतं, तेही सांगते. माझ्या वडिलांचं, आप्पांचं म्हणणं होतं, चित्रांनी पोट भरत नाही. अंबरनाथच्या एका कंपनीत शशिकांतमामाने माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मी रडून-भांडून दिवाळीपर्यंतची मुदत मिळवली होती. तोवर कोणी माझ्या चित्राचे पैसे दिले, तर कॉलेजचं दुसरं वर्ष. नाही दिले, तर कंपनीत टायपिंग.

पुढचे तीन दिवस मी प्रज्वलच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून काढले. कागदावरची लोंबी दोऱ्यात उतरवायची म्हणजे दाण्यादाण्याचा हिशोब. मी दाणे जवळजवळ काढले, की तो सुई तुटेल म्हणायचा. मी लांब काढले, की लोंबी विरळ दिसायची.

"तू प्रत्येक गोष्टीत एवढी हट्टी आहेस, की फक्त भातात?"

"तू प्रत्येक मुलीला एवढे प्रश्न विचारतोस, की..."

"फक्त भातवालीला," तो म्हणाला, आणि मशीनमध्ये दोरा ओवायला लागला. तीन वेळा चुकला. मी हसू दाबलं.

चौथ्या दिवशी नमुना तयार झाला. निळ्या पँटच्या दोन्ही मागच्या खिशांवर सोनेरी लोंब्या, एकमेकींकडे झुकलेल्या. कारागीर हात थांबवून बघायला आले. माझे पाय जमिनीवर नव्हते.

कोपऱ्यात पुतळाबाई सुटे धागे कापत बसल्या होत्या. आमच्या बदलापूरच्या पुढच्या गावातल्या, वयाने माझ्या आजीएवढ्या. त्यांनी पँट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि कात्री खाली ठेवली.

"पोरी, आता भातावर बसाचा काय?"

माझी आई ताटाबाहेर सांडलेलं शीतसुद्धा उचलून कपाळाला लावते. आणि मी, तिची लेक, पीक काढून पँटच्या बुडावर ठेवलं होतं.

शेठने वेळ मारून नेली. माल दिल्लीला जाणार, तिथे कोण ओळखतंय, सगळे पान समजतील, चलने दे. खोटं नव्हतं ते. मी गप्प राहिले असते, तर पाकीट माझंच होतं.

"नको शेठ," मी म्हटलं. "आप्पांना दाखवता येणार नाही मला."

एवढं बोलून मी बाहेर पडले. रिक्षात बसेपर्यंत रडू आवरलं, पुढे नाही.

दोन दिवसांनी प्रज्वलचा फोन आला. लगेच ये, एवढंच बोलला. गेले, तर टेबलावर एक जॅकेट होतं. डाव्या बाजूला, छातीवरच्या खिशावर माझी लोंबी. जेवणाच्या सुट्ट्या मोडून त्याने एकट्याने हे केलं होतं. शेठ तीनशे जॅकेटं काढणार होते. पुतळाबाईंनी लोंबीवरून हात फिरवला आणि तो आपल्या कपाळाला लावला. मी त्यांच्या पाया पडले. त्या बोलल्या नसत्या तर काय झालं असतं, या विचाराने मला अजूनही कसंसं होतं.

माल गेला, आणि मिळालेलं पाकीट आईने देव्हाऱ्यात ठेवलं. आप्पांनी जॅकेट घेऊन उजेडात धरलं.

"झिनी भाताची आहे ही. आपल्या शेतातली," ते म्हणाले. "एक दाणा पोचट नाही." मग घसा साफ करत, "पुढच्या वर्षाची फी कधी भरायची ते विचारून ये." आणि ऑक्टोबरच्या उन्हात जॅकेट घालून हेंद्रेपाड्यात भाजी आणायला गेले.

खिशाची कल्पना कोणाची, हे आईने माझ्याकडून काढून घेतलंच. फराळाला बोलव म्हणाली, पण पाडव्यालाच. भाऊबीजेला नको हो, उगाच घोटाळा. मी लाजून आत पळाले.

तो आला. बोटं घासघासून धुतलेली, तरी नखांच्या कडा निळ्याच. आप्पांनी त्याला शेत दाखवायला मलाच पाठवलं. बेलवलीच्या मागे उरलेला आमचा तुकडा, तीन बाजूंनी बिल्डिंगा. कापलेल्या भाताचा वास सुटला होता. बांधावर उभी राहून मी म्हटलं, "तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही."

"माझे कसले? मला फक्त जागा माहीत होती."

"कशी?"

त्याने शर्टाच्या खिशातून एक घडी काढली. पकवानचा कागद. डाग वाढले होते, पेनची शाई पसरली होती, लोंबी मात्र होती तशीच वाकलेली.

"पुतळाबाई बोलल्या ना, तेव्हा माझा हात आपोआप इथे गेला," तो खिशावर बोट ठेवून म्हणाला. "पहिल्या दिवसापासून इथेच आहे ती. शेठला दाखवलाच नाही मी हा कागद."

"फक्त लोंबी?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्याला आला.

"नाही. काढणारी पण."

मी त्याच्या हातातून कागद घेतला, जुन्या घडीवर पुन्हा नीट दुमडला, आणि माझ्या हाताने त्याच्या खिशात परत ठेवला.

"मग राहू दे तिथेच," मी म्हटलं.