शेजारच्या जागेचा बार

ही गोष्ट खरी आहे. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे, मित्राच्या मित्राची ऐकीव नाही.

मी काकासाहेब. राहायला पडेगावला, कामाला वाळूजच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. पार्ट मोजायचा, मापात बसला तर पास, नाहीतर बाजूला. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं मोजता येत नाही ते मी मानत नव्हतो.

तारीख ३ एप्रिल २०२३. जागा दौलताबादच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं एक पार्क. त्याचं नाव देणार नाही. तिथल्या लोकांची यात काही चूक नाही, उगाच कॉमेंटमध्ये विचारत बसू नका.

वेळ दुपारी साडेबाराची. लख्ख ऊन होतं.

पण आधी दादाबद्दल सांगावं लागेल.

बन्सी माझा थोरला भाऊ. गुलमंडीत साड्यांच्या दुकानात सेल्समन. एकशे दहा किलोचा देह. दिवसभर गादीवर मांडी घालून साड्या उलगडायचा. आणि या माणसाला वेड कसलं होतं, तर रोलर कोस्टरचं!

मुंबई, पुणे, हैदराबाद... सुट्टी मिळाली की दादा बसमध्ये. दुकानात गिऱ्हाईक नसलं की साडी गादीवर फेकून तिचा चढ-उतार करून दाखवायचा. "हे बघ, इथून गाडी वर जाती, अन् इथून असा उतार." मालक डोक्याला हात लावायचे.

एवढ्या पोटावर बार पुरता खाली जायचा नाही. बार म्हणजे मांडीवर घट्ट खाली येणारा लोखंडी दांडा. तो खाली येताना टक्... टक्... असा वाजत एकेक खाच पुढं सरकतो. दादाच्या पोटापाशी तो तीन टकांवर अडायचा. पार्कातली माणसं वरून दाबायची, दादा श्वास ओढून धरायचा, तरी तीनच. "आपला तीन टकांचा देह," असं तो अभिमानानं सांगायचा.

मी बऱ्याचदा सोबत जायचो. पण बसलो कधीच नाही.

मला उंचीची भीती वाटते. दादा दर वेळी विचारायचा, "काक्या, एकदा बस की माझ्याशेजारी." मी दर वेळी नाही म्हणायचो. त्याची पिशवी आणि चपला धरून खाली उभा राहायचो.

मग दौलताबादच्या पुढं नवं पार्क होणार असं कळलं. आपल्या घराजवळ रोलर कोस्टर! दादा दर रविवारी गाडी काढून जायचा आणि कंपाऊंडबाहेर उभा राहून एकेक खांब चढताना बघायचा. गुढीपाडव्याला ते सुरू होणार होतं. पहिल्या दिवसाची दोन तिकिटं त्यानं काढून ठेवली होती. दुसरं माझं होतं.

४ मार्चला दुपारी, साडी उलगडता उलगडता दादा गादीवर आडवा झाला. उठलाच नाही.

मी रडलो नाही. खांदा दिला, लोकांना चहा सांगितला, मंडपवाल्याशी बोललो. आतून काही म्हणजे काही वाटत नव्हतं. द्वारकाबाई, म्हणजे माझ्या वहिनी, भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांच्याकडं बघूनही काही वाटेना. मला माझीच लाज वाटली.

दहावा कायगाव टोक्याला, गोदावरीवर केला.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, चांगले सात-आठ.

एकही खाली येईना.

आमच्याकडं अशा वेळी घरातले पुढं होऊन शब्द देतात. मेलेल्या माणसाची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू म्हणतात. आई म्हणाली, "बन्सी, तुझ्या बायकूला लेकीसारखी ठिवते रं." कावळा आला नाही. चुलते कडूबाकाका म्हणाले, "घराचं अर्धवट राहिलेलं काम आम्ही पुरं करतो." आला नाही. वहिनींनी नुसते हात जोडले. तरी नाही.

तासभर झाला. ऊन डोक्यावर आलं. मला त्या सगळ्याचाच वैताग आला होता. मी पुढं गेलो आणि बोलून टाकलं.

"दादा, तुला त्या रोलर कोस्टरमध्ये बसवतो. मी शेजारी बसतो. तुझं मन भरेपर्यंत."

कावळा लगेच आला.

बायका रडायला लागल्या. कडूबाकाकांनी मात्र मला बाजूला ओढलं. "आरं, एकदा बसवतो म्हणायचं! मन भरस्तोवर म्हणला व्हय तू? दहाव्याला शब्द मोजून द्यायचा असतो. मेलेल्या माणसाचं मन कधी भरतं का?"

वीस वर्षं मापं मोजणारा माणूस मी. नेमका तिथंच मोजायला चुकलो.

पाडवा आला, गेला. दुखवट्याचं घर, गुढी उभारली नाही. दादाची तिकिटं कपाटात तशीच राहिली. मी गेलो नाही. खरं तर टाळलं.

३ एप्रिलला पहिलं मासिक श्राद्ध होतं. आईनं गच्चीवर घास ठेवला. कावळे कठड्यावर येऊन बसले... आणि बसूनच राहिले. बारा वाजले. भात वाळला. आईनं माझ्याकडं बघितलं.

मी गाडी काढली आणि पार्कात गेलो.

सोमवार होता, गर्दी नव्हती. मी शेवटच्या डब्यात, उजव्या बाजूला बसलो. डावी जागा रिकामी. बार तपासायला आशाबाई म्हणून एक बाई होत्या, दौलताबादच्याच, पन्नाशीच्या. निळ्या साडीवर पार्कचं जाकीट. त्यांनी मला सांगितलं, की रिकाम्या जागेवरचा बारही लावावाच लागतो, त्याशिवाय गाडी सुटत नाही. रिकाम्या जागेवर तो पार तळापर्यंत जातो. सात टक.

माझा बार पाचावर बसला.

मग त्यांनी शेजारचा ओढला.

टक्... टक्... टक्...

थांबला.

आशाबाईंनी जोर लावला. बार हलेना. त्यांनी खाली वाकून बघितलं. "काई अडकलंय काय इथं?"

काही नव्हतं. नुसती रिकामी सीट, उन्हानं तापलेली.

त्यांनी मेकॅनिकला हाक मारली. त्यानं मला खाली उतरवलं आणि बार लावून बघितला. सात. दोनदा केलं, दोन्हीदा सात. मला परत बसवलं. तीन. मला दुसऱ्या डब्यात बसवलं. तिथंही शेजारी तीन. तो माझ्याकडं बघायला लागला. बार पक्का बसला होता, दिवा हिरवा झाला होता. त्यानं खांदे उडवले आणि गाडी सोडली.

साखळीवरून गाडी वर चढायला लागली. मी डोळे मिटून घेतले होते.

वर पोचल्यावर गाडी क्षणभर थांबली...

आणि मला वास आला. कोऱ्या साडीच्या खळीचा.

गाडी सुटली. उजव्या कानात वारा नुसता फाटत होता. डाव्या कानात...

काहीच नाही.

वारा नाही. आवाज नाही. त्या बाजूला कुणीतरी भलं मोठं बसावं आणि वारा अडावा, तसं. वळणावर माझा देह डावीकडं फेकला गेला, पण मधेच टेकला. कशाला टेकला ते मी बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

सगळं मिळून दीड मिनिटाचं काम. खाली आलो तेव्हा डाव्या हाताची बोटं गार पडली होती. आणि माझे गाल ओले होते. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी आलो. आई गच्चीवरून उतरत होती. "शिवला रं," म्हणाली. "आत्ताच शिवला."

दुसरा महिना. पुन्हा तीन टक.

तिसऱ्या महिन्यात चार झाले.

आशाबाई आता मला ओळखत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या घाबरल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कमी व्हायलेत ते. असंच असतं भाऊ. मन भरलं की माणूस हलका होतो."

जुलैत पाच. ऑगस्टमध्ये सहा.

हिशेब सरळ होता. पुढच्या खेपेला सात. म्हणजे रिकामी जागा. म्हणजे दादा सुटला. मी दिलेला शब्द पुरा.

वारा आता डाव्या कानातही थोडा थोडा यायला लागला होता.

खरं सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता. पण महिनाभर मी मशीनसारखा कामाला जायचो, यायचो, जेवायचो. बायको बोलायची, मी हूं म्हणायचो. महिन्यातलं ते दीड मिनिट सोडलं तर मला कुठंच काही जाणवत नव्हतं. फक्त तिथं... त्या सीटवर... मला भाऊ होता. तो जिवंत असताना मी कधी शेजारी बसलो नाही. आता बसत होतो.

सप्टेंबरच्या मासिकाला गेलो. शेवटच्या डब्यात बसलो. आशाबाई आल्या. माझा बार लावायच्या आधी हळूच म्हणाल्या, "आज सुटतील बघा तुमचे दादा. जाताना नदीवर एक नारळ सोडा."

त्यांनी शेजारच्या बारला हात घातला.

टक्.

मी उठलो.

"काय झालं भाऊ?"

"पोटात दुखतंय."

"आवं, आज नका उतरू. एकच खेप ऱ्हायली. लई वाईट होईल."

मी उतरलो. आशाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. पोटदुखीचं त्यांना खरं वाटलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गाडी पुढच्या माणसांना घेऊन गेली. मी पायऱ्या उतरून गेटाबाहेर आलो आणि परत तिकडं गेलो नाही.

यात कुणी मला बरं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

त्यानंतरचं सांगतो.

आमच्या कंपनीच्या बसला सकाळी नेहमी गर्दी असते. माणसं उभी राहतात. पण माझ्या डाव्या बाजूच्या सीटवर...

कुणी बसत नाही.

येतात, सीटकडं बघतात, आणि पुढं जाऊन दांडा धरून उभे राहतात. त्यांना विचारलं तर "असंच" म्हणतात. पहिले काही दिवस मी मोजलं. मग सोडून दिलं. आता मी चढलो की आपणहून उजवीकडं सरकतो आणि खिडकीची जागा त्याला ठेवतो.

डाव्या हाताची ती बोटं अजून गारच असतात. मोजपट्टी धरली की कळत नाही, म्हणून उजव्या हातानं काम करतो.

घरी पितृपक्षात घास शिवला नाही. त्यानंतरच्या एकाही मासिकाला शिवला नाही. आई ताट घेऊन गच्चीवर उन्हात उभी राहते. सत्तर वर्षांची आहे ती. खाली आल्यावर स्वतःच म्हणते, "टावर झालेत ना जिकडंतिकडं. कावळेच ऱ्हायले नाय आता." मी हो म्हणतो. कावळे समोरच्या तारेवर बसलेले मला दिसत असतात.

या मार्चमध्ये वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. मी ओट्यावर बाकावर बसलो होतो. वहिनी बाहेर आल्या. वर्षभरात त्या माझ्याशी स्वतःहून फारशा बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"माझ्या सपनात ते एकदा बी आले नाय. एकदा बी नाय. मला वाटतं, कुठंतरी अडकलेत." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "तुम्ही शब्द दिल्ता नदीवर. तो पुरा झाला ना? सुटले ना हो ते?"

मला सांगता आलं असतं. एकच खेप राहिली आहे, उद्याच जातो, असं म्हणता आलं असतं. दीड मिनिटाचं तर काम होतं.

डाव्या बाजूला एकदम गार वाटलं...

"हो वहिनी," मी म्हणालो. "सुटला. कधीच सुटला."

वहिनींनी डोळे पुसले. किती तरी दिवसांनी त्या मोकळा श्वास घेत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. "जिवाला लागून ऱ्हायलं होतं माझ्या."

मग त्या टेकायला म्हणून बाकाकडं आल्या. माझ्या डावीकडं वाकल्या, क्षणभर थांबल्या, आणि वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.