दोन मापांच्या टाक्या

"तुमी टेप उलटा धरून राह्यल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

मी जुन्या मोटारीखाली आडवी होते. बाहेर डोकावले, तर गुडघ्यावर बसलेला एक उंच तरुण… हसू दाबत होता. मापाचा टेप खरंच उलटा होता.

तो अनुप. हिंगणघाटच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये रूपराव नावाच्या एका हौशी माणसानं शंभर वर्षांपूर्वीच्या नऊ आलिशान मोटारी जमवल्या होत्या. पेट्रोलच्या टाक्या गंजून गेलेल्या, आणि एकीचं माप दुसरीला नाही. त्या काळी गिऱ्हाईक म्हणेल तेवढी टाकी बसवत. रूपरावांना आता ठरावीक मापं हवी होती. अनुप त्यांचा इंजिनीयर. मी रोशनी, पुलगावात बाबांच्या वर्कशॉपमध्ये टाक्या बनवते.

तो ऐंशी लिटरवर अडला होता, लांब जाता येतं म्हणून. मागे तेवढं वजन पडलं तर चाकांवरच्या जुन्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, दबून बसतील, असं माझं म्हणणं. तीन आठवडे आम्ही भांडलो. एकदा भांडता भांडता त्यानं माझ्या कपाळावरचा गंज रुमालानं पुसला… आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्यानंतरची सगळी मापं मी चुकीची लिहिली.

शेवटी मी म्हटलं, "दोन मापं ठेवू. लहान गाडीले पंचेचाळीस, मोठीले सत्तर."

"अन् आपलं?" तो हळूच म्हणाला.

"ते बी ठरवा."

आर्वीला अनुपच्या घरच्यांचं कापडाचं दुकान. घरी सांगतो म्हणाला. मी एवढंच मागितलं — सांगताना आम्ही बौद्ध आहोत हे आधी सांगा. त्यानं मान हलवली.

एक महिना गेला, दुसरा गेला. तो शेडमध्ये यायचा, माझ्याकडे न बघता आकडे लिहायचा. मग एका दुपारी म्हणाला, पुण्याला जाऊन लग्न करू, तिथं कुणी काही विचारत नाही. आईला नंतर… जमेल तसं.

"माह्यं नाव काऊन लपवता?" मी विचारलं.

त्यानं आकड्यांची वही मिटली. "आई जेवण सोडन, रोशनी. मले… नाई होत."

तो रडला. मला रडूही आलं नाही. पुढच्या आठवड्यात तो एकटाच पुण्याला गेला.

नऊ टाक्या मी एकटीनं जोडल्या. प्रत्येकीत पाणी भरून थेंब गळतो का, ते बघत बसायची. जेवण जाईना, झोप लागेना. बाबा काही विचारत नसत. चहा शेजारी ठेवून निघून जात.

मोटारी पहिल्यांदा रस्त्यावर निघाल्या, त्या दिवशी रूपरावांनी मला बोलावलं. जायचं मनात नव्हतं, पण एका गोष्टीसाठी गेले. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, ही मापं कुणी ठरवली?

"आम्ही दोघांनी," मी म्हणाले.

दुसरा कोण, ते कुणीच विचारलं नाही. त्याचं नाव एकदा चारचौघांत मोठ्यानं घ्यायचं होतं मला… तेवढ्यासाठीच तर मी आले होते.