मिटव म्हणाला भाऊ

"बाई, पाहुणे चार वाजता येतील. त्याआधी तुझं ते व्हिडिओ चॅनलचं प्रकरण मिटव!" लोकेश बहिणीला म्हणाला, आणि अंजनाच्या हातातला चहा तसाच राहिला...

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या त्या घरात लोकेशनं पुण्याहून आणलेली मराठी चालायची. ज्या थोरल्या बहिणीनं बाप गेल्यावर सातवीतून शाळा सोडली, लोकांच्या बांधीत भातलावणीचा रोवणा करून त्याला मास्तर केलं, तिचंच 'मले-तुले' आता साहेबांना टोचत होतं! वीस वर्षं ती टीव्हीपुढं बसून परक्यांची सुखदुःखं मुकाट पाहत आली होती. मग लोकेशच्या लेकीनं, रश्मीनं जुना फोन हातात दिला, "आत्या, आता तू बोल," आणि अंजना बोलू लागली. रोवण्याचं, मोहफुलांचं, मायच्या गाण्यांचं... दूर नांदायला गेलेल्या गावोगावच्या लेकी व्हिडिओखाली लिहायच्या, 'आत्या, तुमचं बोलणं आयकलं का माहेरी गेल्यावानी वाटते.' जन्मात पहिल्यांदा तिचं कुणी ऐकत होतं.

"मुलाकडचे शिकलेले आहेत, हसतील. रश्मीचं जमू दे," लोकेश पुढं म्हणाला.

रश्मीसाठी! तिनं पुढं विचारलंच नाही. फोन घेतला, बोट दाबलं, दोनशे बारा व्हिडिओ गेले. आता काळीज फाटेल असं तिला वाटलं. पण काहीच झालं नाही, आत सारं कसं बधिर... मग तिनं पोहे भिजवले.

सोयरीक जमली. दोन महिन्यांनी माय जाऊन वर्ष झालं, तिच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन आलं. बुद्धवंदना झाल्यावर लोकेश तिच्याजवळ येऊन बसला.

"बाई, मायनं गायलेल्या त्या रोवण्याच्या गाण्याचा व्हिडिओ लाव ना. सगळ्यांना ऐकवू."

"नाही तो. मिटवली ना मी."

"अगं, बंद केलंस ना? मग उघड परत."

"उघडाले काही नाही रे. पुसून टाकली. फोनात जागा नव्हती, त्याच्यातूनबी कवाच काढली होती. तूच म्हणला ना, मिटव."

त्याच्या पुस्तकी मराठीत प्रकरण मिटवणं म्हणजे नुसतं आवरतं घेणं. गोंदियाच्या हिंदीत मुरलेल्या तिच्या कानाला मिटवणं म्हणजे 'मिटाना', नामोनिशाण न ठेवणं. लोकेशला ते उमगलं, आणि मायचा आवाज आता जगात कुठंच नाही हेही उमगलं! चाळिशी ओलांडलेला मास्तर सगळ्यांदेखत हमसून हमसून रडू लागला.

"मले मायचा आवाज आयकाचा होता वो बाई...! मीच मिटवलो!" कित्येक वर्षांनी ती बोली त्याच्या तोंडून निघाली होती.

"काऊन रडून राहिला?" अंजना कोरड्या डोळ्यांनी म्हणाली. शोधूनही तिला राग सापडेना.

रश्मी फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर बसली. "आत्या, आजीचं गाणं तू म्हण."

अंजना म्हणू लागली. आवाज मायचा नव्हता, आणि दुसऱ्या कडव्यावर शब्दही अडले. पुढची ओळ हुंदक्यांतून लोकेशनं म्हटली. अंजनाला तेव्हाही रडू आलं नाही; ती फक्त थोडी सरकली आणि भावाला फोनसमोर जागा करून दिली.