बदलीवाल्याचा डबा

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्याला पटत नसेल त्याने जुळे सोलापुरात यावं आणि ते चित्र स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

तो मंगळवार साधाच होता. श्रीदेवी कॉलेजात इतिहास शिकवते. ती घरी आली तेव्हा तिचे वडील रेवणप्पा एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी काढत बसले होते.

गिरणीचं गेट. हातात डबे घेतलेले पंधरा-वीस कामगार. आणि बाजूला एकटाच उभा असलेला एक माणूस. हात पाठीमागे.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "बदली कामगार. कुणी गैरहजर असेल तरच आत घेणार. काम मिळेल की नाही ठाऊक नाही, म्हणून डबाच आणलेला नाही. एवढ्याशा चित्रात अख्खा काळ आहे, आप्पा!"

आप्पा हसत सुटले.

"लई शिकलीस की! अगं, डबा हाय. पाठीमागं. नावाचा पुकारा व्हायच्या आधी बदलीवाल्याचा डबा दिसला, की त्या दिवशी काम मिळत न्हाय, असं आमी मानायचो. म्हणून लपवायचा."

"आणि पुकारा झालाच नाही तर?"

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तर मधल्या सुट्टीत तुझ्या शाळेत आणून द्यायचो की. इसरलीस व्हय?"

ती विसरली नव्हती.

सातवीत होती. फाटकाशी डबा घेऊन उभे असलेले आप्पा बघून मैत्रिणींनी विचारलं होतं, "कोण गं ते?"

"शेजारचे काका," ती म्हणाली होती.

आप्पांनी ते ऐकलं होतं का? चाळीस वर्षं तिने विचारलं नाही. त्या मंगळवारीही नाही.

बुधवारी सकाळी आप्पा उठलेच नाहीत.

पाचव्या दिवशी, भर दुपारी एक वाजता, श्रीदेवी घरात एकटी होती. चित्र समोर होतं.

लांबून भोंगा वाजला...

गिरणीचा. ती गिरणी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.

तिने चित्राकडे पाहिलं. गेट होतं. कामगार होते. बाजूचा माणूस...

नव्हता.

खोडल्याची खूण नाही. तिने बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत, कोरा कागद.

ती स्वयंपाकघरात धावली. फळीवरचा आप्पांचा पितळी डबा...

तोही नव्हता. जागेवर फक्त गोल डाग.

मग जिन्यात चपला वाजल्या. एक पाय किंचित ओढत, आप्पा चालायचे तशा. सावकाश.

दारापाशी येऊन थांबल्या.

बेल नाही. टकटक नाही. फक्त फटीतून आप्पांच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा वास...

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे कालच राहायला आलेल्या प्रभाताईंचा आवाज आला.

"अहो श्रीदेवी, तुमच्या दारात हे कोण उभे आहेत? हात मागे बांधून? विचारलं तर म्हणतात, मी शेजारचा काका."

श्रीदेवीने कडीला हात घातला.

आप्पांनी ऐकलं होतं.

दार उघडल्यावर काय दिसलं, ते ती आजही कुणाला सांगत नाही. दुपारी एकच्या सुमाराला घरात थांबत मात्र नाही.

पण कडी काढता काढता ती जे बोलली, ते प्रभाताईंनी स्वच्छ ऐकलं.

"शेजारचे नाहीत हो ते. माझे आप्पा आहेत."