सात नंबरचं झाड

फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसात एक माणूस एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातातल्या पाइपनं झाडाला पाणी घालत होता. नर्सरीतून नव्या झाडांची पाहणी करायला आलेली ती वाचनालयाच्या फाटकातच थबकली.

"अहो, पाऊस पडतोय!"

"दिसतंय ना. पण आज मंगळवार. तुमच्या कागदात लिहिलंय, मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी. चुकलं तर वॉरंटी रद्द."

हा तिथला ग्रंथपाल. छापील शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ! आणि तो कागद लिहिला होता तिनंच. हसावं की चिडावं, तिला कळेना.

"पावसात घालायचं नसतं हो…"

"मग तसं लिहायचं ना," म्हणत त्यानं छत्री तिच्या डोक्यावर धरली. स्वतः मात्र खुशाल भिजत राहिला.

तेव्हापासून त्याचे फोन सुरू झाले. वीस झाडांपैकी तक्रार कायम एकाच झाडाची. सात नंबरचं पान पिवळं पडलंय… सात नंबर जरा उदास वाटतंय… ती धावत यायची, तर झाड ठणठणीत! घरी ताई विचारायची, "आजारी नक्की कोण गं? झाड, तो, की तू?"

बघता बघता वर्ष सरलं. शेवटची पाहणी. वर्षाच्या आत झाड मेलं, तर नर्सरी नवं लावून देणार आणि पुन्हा वर्षभर पाहणी करणार, असा नियम होता. सात नंबरवर आज एकही पान नव्हतं. साल खरवडायला तिनं नख टेकवलं आणि मनात आलं… मेलेलं असू दे. ती स्वतःशीच चपापली. झाडं जगवणाऱ्या बाईनं हे काय मागावं!

सालीखाली हिरवंगार होतं.

"जिवंत आहे," ती पडेल आवाजात म्हणाली.

"अरे वा," तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

तिनं झाडाच्या आधाराचे पट्टे सोडले. एरवी दोन मिनिटांचं काम, आज गाठी सुटता सुटेनात.

"पानं ऋतूप्रमाणे गळतात, हे मला ठाऊक होतं," तो अचानक म्हणाला. "पुस्तकात वाचलं होतं."

"मग फोन का करायचात?"

"तुम्ही यायचात म्हणून. तुम्ही आवडता मला… आता उद्यापासून काय करायचं, ते कागदात कुठंच लिहिलेलं नाही."

तिचे कान तापले. तिनं त्याच्या हातातला तो चुरगळलेला कागद ओढून घेतला, पाठीमागं काहीतरी खरडलं आणि परत दिला.

त्यानं सावकाश वाचलं. 'दर मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता, सात नंबरपाशी भेटणे.'

"पाऊस असला तरी?" त्यानं विचारलं.

"पाऊस असला तरी," ती म्हणाली. "फक्त पाइप आणू नका."