रिकाम्या आसनावरचे लिंबू

मठापाशी लावायच्या नव्या फलकाचा मजकूर गावचा शाळामास्तर म्हणून मीच लिहिला होता; तो एकदा ताडून पाहावा, म्हणून त्या दुपारी मी टेकडी चढलो. आमच्या बेटावर उतरणारे पर्यटक आधी समुद्रगुहा पाहतात, मग पडका बुरूज आणि शेवटी मठाचे तळघर. आफ्रिकेकडचा उष्ण वारा सकाळपासून सुटला होता. दगडसुद्धा घामेजले होते.

तळघरात भिंतीलगत दगडी आसने आहेत. प्रत्येकाच्या मध्याला भोक, खाली मातीचे भांडे. मृत संन्यासिनीला इथे बसवीत. देह गळून भांड्यात उतरे, उरलेली हाडे वेचून नेत. आता आसने ओस पडली आहेत, म्हणून गावकरी प्रत्येकावर लिंबू ठेवतात. आपण रिकामे आहोत असे आसनाला वाटू नये, हा त्यामागचा समज. लोकाचाराचा एक सुबक नमुना म्हणून मी तो फलकात घेतला होता.

मी खाली पोचलो तेव्हा वाटाड्या फिलोमेना लिंबू हातात खेळवत खुशाल आसनावर बसली होती. तिचे तसे फोटो काढून पर्यटक नुकतेच वर गेले होते. मठ राखणारी नुन्झियाता, फिलोमेनाला लहानाची मोठी करणारी तिची मावशी, नाकात तपकीर कोंबत दारात उभी होती.

"ऊठ तिथून. मेलेल्यांच्या जागेवर बूड टेकवायला लाज नाही वाटत?"

"मावशी, लिंबाचा फोटो काढायला कोण येतंय इतक्या लांब?" गालातली बडीशेपेची गोळी चघळत फिलोमेना म्हणाली.

"लग्न होऊ दे, नवरा घेऊन देईल खुर्ची. तिच्यावर बस मग हवी तेवढी."

टप्.

मी वाकलो. भांड्याच्या तळाशी पिवळट, दाट काहीतरी साचत होते. कुजक्या अंजिरांचा उबग आणणारा दर्प येत होता, आणि त्यात स्पष्ट, गोडसर बडीशेप.

"मावशी... हात दे ना. उठवत नाहीये..."

आम्ही दोघांनी तिला ओढून काढले. घागरा कोरडा होता. ती मात्र रिकाम्या पखालीसारखी हलकी लागली.

लिंबू परत ठेवले, ते संध्याकाळपर्यंत काळे पडले. भांडे रोज भरू लागले. फिलोमेनाने अंथरूण धरले. कातडी हाडांवरून ओघळू लागली. पलीकडच्या मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना रोग सापडला नाही.

मग एका दुपारी नुन्झियाताने ते लिंबू भिरकावले आणि स्वतःच आसनावर बसली.

"या जागेला माणूस हवंय, मास्तर. पोरीचं अजून सगळं व्हायचंय."

"खाली या, नुन्झियाता. याला काही अर्थ आहे का?"

"तुम्ही आपलं लिहीत बसा."

त्यानंतर भांड्यातून तपकिरीचा वास येऊ लागला. फिलोमेनाचे गाल भरू लागले. मात्र काठोकाठ भरलेले भांडे संध्याकाळी कोरडे असे.

"कोण ओतून टाकतं हे?" मी विचारले.

"मला काय ठाऊक... मी इथून हलते कुठे? डोळा लागला की रिकामं होतं..."

द्राक्षे उतरवायच्या दिवसांत नुन्झियाताने त्याच आसनावर प्राण सोडला. शवपेटी उचलताना खांदेकरी एकमेकांकडे पाहू लागले, इतकी ती हलकी होती. आसनावर नवे लिंबू ठेवले. ते पिवळेधमक राहिले. खालचे भांडे मात्र कुणाला सापडले नाही.

समाचाराला मी फिलोमेनाकडे गेलो. ती तुकतुकीत, गुबगुबीत झाली होती. तपकिरीला ती कधीच शिवली नव्हती. पण कॉफी ठेवायला वाकली, तेव्हा तिच्या श्वासाला तोच वास होता.

"बसा ना, मास्तर. काही खाऊन जा."

तिच्यामागे ओट्यावर ते मातीचे भांडे होते. लख्ख आणि कोरडे. फक्त आतल्या बाजूला, तळापासून काठापर्यंत, जिभेच्या रुंदीचे पट्टे उमटले होते.