बीव्हरला कोणी सांगितलं?

“चार वाजता सिगर्डसन साहेब माझ्या बडतर्फीच्या पत्रावर सही करणार,” ऑडेट म्हणाली. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नव्हतं. “मग विनिपेगात मला दारात तरी कोण उभं करील?”

घड्याळात दीड वाजला होता. लोकांच्या अडचणींचा छडा लावणाऱ्या डारिना कोस्त्युकने बोर्शची, बीटच्या गरम सुपाची, वाटी तिच्यापुढे सरकवली.

“आधी पोटात काही ऊन-ऊन जाऊ दे. मग मला कळेल असं सांग. माझी शाळा आठवीत सुटली, डोकं नाही सुटलं.”

ऑडेटची कंपनी वृद्धाश्रमांचे बॉयलर चालवणारा प्रोग्रॅम करायची. लिहिलेले तुकडे जोडून चालता प्रोग्रॅम बांधायचं काम कंपनीच्याच एका टूलचं. त्याचं नाव बीव्हर. बीव्हर आधी चाचणी घेई, मगच बांधी. गेल्या गुरुवारी त्यात नवी सोय आली: सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली की चाचणी चालू किंवा बंद. शुक्रवारी ऑडेटने प्रोग्रॅम बांधला. त्यात चूक राहिली. शनिवारी, उणे बत्तीस अंशांच्या थंडीत, एका आश्रमाचा बॉयलर थांबला आणि चाळीस म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून बसली.

“बीव्हरच्या नोंदीत लिहिलंय, ‘चाचणी बंद, सेटिंगनुसार’. पण आमच्या सामायिक फाइलीत ‘चालू’ आहे. साहेब म्हणतात, मीच बंद केली आणि मागाहून गुपचूप चालू केली.”

“केलीस?”

“नाही.”

ती तोंड धुवायला गेली तसा ओरेस्ट कुजबुजला, “वहिनी, फाइल एक आणि हात एक. पोरगी खोटं बोलतेय.”

“भावोजी, तुम्ही गाडी गरम करा.”

ओरेस्ट डारिनाच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ. तिच्या तपासात गाडी हाकायची आणि चुकीचा माणूस धरायचा, ही त्याची दोन कामं. दोन्ही तो मन लावून करी.

कंपनीत आधी भेटला गार्थ पेनर. नवी सोय त्याने लिहिलेली. अंगावर इस्त्री, जिभेवर साखर.

“त्या सोयीचं आधी कोणाला ठाऊक होतं?” डारिनाने विचारलं.

“कोणालाच नाही. गुरुवारी नऊ वाजेपर्यंत तिचं नावसुद्धा मी कोणाला कळू दिलं नव्हतं. अर्धं काम मी दाखवत नाही, बाई.”

“आणि चाचणी बंद करून मिळतं काय?”

“वेळ. एक चाचणी चाळीस मिनिटं खाते. माझ्या लॅपटॉपवर मी बंदच ठेवतो, सामायिक फाइलीला हातही न लावता.”

“हुशार आहेस,” डारिना म्हणाली. ओरेस्टलाही तसंच वाटलं.

मग बर्निस. बांधणीचं यंत्र, म्हणजे बीव्हर चालतो तो संगणक, तिच्या ताब्यात. शनिवारपासून तिने ते कुलूपबंद ठेवलं होतं.

“त्यावर सगळे एकाच नावाने आत जातात,” ती म्हणाली. “कोणी काय केलं, यंत्राला कळत नाही. गार्थने दोनदा चावी मागितली, जरा साफसफाई करतो म्हणाला. मी दिली नाही. बाकी त्या नावाच्या घरच्या, म्हणजे खासगी, फोल्डरात काही नाही. मी दर शुक्रवारी यादी बघते.”

“पलंगाखाली वाकून बघतेस का?”

बर्निस थबकली. “म्हणजे... नावाआधी टिंब असलेल्या फाइली साध्या यादीत येत नाहीत. आमच्यात वैयक्तिक सेटिंग तशाच ठेवतात. पसारा दिसू नये म्हणून.”

चारला दहा कमी असताना सगळे यंत्रापाशी जमले. सिगर्डसनच्या हातात पत्र होतं, पेनाचं टोपण निघालेलं.

“साहेब, सहीआधी एक यादी काढू द्या,” डारिना म्हणाली. “लपलेल्यासकट.”

सिगर्डसनने होकारार्थी मान हलवली. बर्निसने कुलूप काढलं. पडद्यावर नावाआधी टिंब असलेली एक फाइल उगवली. आत एकच ओळ: चाचणी बंद.

“घराचा नियम सगळ्यांना एक. पण खोलीच्या दारावर वेगळी चिठ्ठी लावली, तर बीव्हर चिठ्ठीचं ऐकतो,” डारिना म्हणाली. “हो ना, गार्थ? सामायिक फाइलीला हात न लावता तू चाचणी बंद ठेवतोस, ती अशीच.”

गार्थ हसला. “सगळे एकाच नावाने आत जातात. चिठ्ठी ऑडेटनेही लावली असेल.”

“बर्निस, ही फाइल कधी बनली ती तारीख वाच.”

“गेला बुधवार. दुपारी तीन.”

“बुधवारी,” डारिना म्हणाली, “या सोयीचं नाव जगात एकालाच ठाऊक होतं. ते तूच मला सांगितलंस.”

गार्थचं हसू उतरलं. “करून बघत होतो. काढायची राहिली. विसरलो.”

“विसरला, म्हणजे चूकच झाली,” सिगर्डसन पुटपुटला.

“बुधवारी चूक होती, साहेब. शनिवारी नोंद वाचल्यावर त्याला आठवलं, म्हणून तर दोनदा चावी मागितली. तेव्हापासून ही पोरगी सुळावर, आणि हा तोंडात गुळणी धरून गप्प.”

सिगर्डसनने पेनाला टोपण घातलं आणि पत्र उभं-आडवं फाडलं. “गार्थ, माझ्या खोलीत चल.”

“भावोजी,” डारिना म्हणाली, “फाइली किती?”

“दोन, वहिनी.” ओरेस्टने मान खाली घातली. “आणि हातही दोन.”

बर्निसने पडद्याचा फोटो घेतल्यावर ऑडेटने ती ओळ पुसली. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आजच आश्रमाला जायचा होता. तिने बीव्हर सुरू केला. पडद्यावर आलं: चाचणी चालू.

“चाळीस मिनिटं लागतील,” ती म्हणाली. “तुम्ही निघा.”

डारिनाने खुर्ची ओढली. “लागू देत. बसतो आम्ही.”